नाकावाटे झालेली शस्त्रक्रिया आणि घरी आल्यानंतरचे दिवस

पिट्युइटरी ग्रंथीची शस्त्रक्रिया करून मूल घरी येते, तेव्हा भेटायला आलेल्या पाहुण्यांना दिसण्यासारखे काहीच नसते. डोक्याला पट्टी नाही, केस काढलेले नाहीत, टाके दिसत नाहीत. नाक तेवढे चोंदलेले असते. मग ‘मेंदूचं ऑपरेशन म्हणे, पण पोर तर ठणठणीत दिसतंय’ असे बोलणे होते. घरच्यांनाही हायसे वाटते आणि रुग्णालयाची फाईल कपाटात जाते.

सावध राहायचे ते इथेच. या शस्त्रक्रियेची वाट नाकातून जात असली, तरी ती होते मेंदूच्या तळाशी. तिचे काही गंभीर परिणाम पाचव्या, सातव्या, दहाव्या दिवशी दिसू लागतात. काही तर महिन्यांनी. बेळगाव, निपाणी, खानापूरकडची कुटुंबे अशा शस्त्रक्रियेसाठी बहुधा बेंगळुरू किंवा मुंबई गाठतात. दोन्ही शहरे इथून सुमारे पाचशे किलोमीटर. म्हणजे धोक्याची वेळ येते तेव्हा शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर एका रात्रीच्या प्रवासावर असतात आणि मुलाजवळ असतात आई, आजी, वडील. त्यांनी वेळीच काय ओळखायचे, यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

ग्रंथी वाटाण्याएवढी, शेजार मात्र मोठा

पिट्युइटरीला मराठी पुस्तकांत पीयूषिका ग्रंथी म्हणतात. आकार वाटाण्याएवढा, मोठ्या माणसात वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. कवटीच्या तळाशी, नाकाच्या बरोबर मागे, खोगिरासारख्या एका हाडाच्या खळग्यात ती बसलेली असते. एका बारीक देठाने ती वरच्या हायपोथॅलॅमस या मेंदूच्या भागाला लटकलेली असते.

मुलाची उंची, थायरॉइडचे काम, वयात येणे, आजारपणाशी झुंजायला लागणारे कॉर्टिसॉल आणि शरीरातल्या पाण्याचा हिशेब या सगळ्यांचा कारभार इथून चालतो. तिच्या थोडे वर डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदून जातात. दोन्ही बाजूंना मेंदूला रक्त नेणाऱ्या मोठ्या धमन्या आणि डोळे हलवणाऱ्या नसा असतात. आणि या सगळ्याभोवती मेंदूचे पाणी. एवढ्या दाटीत हात घालायचा म्हणजे शेजाऱ्यांना धक्का लागण्याची शक्यता राहतेच.

लहान मुलांना ही वेळ का येते?

मुलांमध्ये हे आजार विरळा आहेत. त्यांतला एक कुशिंगचा आजार. हार्वे कुशिंग या अमेरिकी मेंदूशल्यविशारदाने पिट्युइटरीच्या बारीक गाठीमुळे होणारा हा विकार १९३२ मध्ये सविस्तर मांडला. ही गाठ अनेकदा काही मिलिमीटरचीच असते, पण तिच्यामुळे शरीरात कॉर्टिसॉलचा पूर येतो. चेहरा गोल होतो, पोट सुटते, रक्तदाब वाढतो. पालकांनी लक्षात ठेवावी अशी खूण मात्र एकच: मूल जाड होत जाते आणि उंची थांबते. जास्त खाण्याने जाड झालेले मूल सहसा उंचीतही मागे राहत नाही. शाळेचा गणवेश दर वर्षी कमरेत तोकडा पडतोय आणि लांबीला मात्र दोन वर्षे तोच पुरतोय, असे दिसले तर डॉक्टरांना जरूर दाखवावे.

दुसरा आजार क्रेनिओफॅरिंजिओमा नावाची गाठ. ती कर्करोगाची नसते, पण पिट्युइटरीच्या देठाला आणि हायपोथॅलॅमसला चिकटून वाढते. उंची खुंटणे, सकाळची डोकेदुखी, नजर कमी होणे ही तिची लक्षणे. वाढीचे संप्रेरक अति झाल्याने मूल अफाट उंच होते, तो आणखी एक प्रकार. प्रोलॅक्टिन वाढवणारी गाठ मात्र पुष्कळदा गोळ्यांनीच आटोक्यात येते.

नाकावाटे या ग्रंथीपर्यंत जाण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया १९०७ मध्ये ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथे हर्मन श्लोफर यांनी केली. १९६० च्या दशकात मॉन्ट्रियलच्या ज्यूल्स हार्डी यांनी तिला सूक्ष्मदर्शकाची जोड दिली आणि १९९० च्या दशकात दुर्बीण आली. त्यामुळे आज ही शस्त्रक्रिया पूर्वीपेक्षा कितीतरी सुरक्षित आहे. मुलांची गोष्ट थोडी अवघड असते. त्यांच्या नाकपुड्या अरुंद असतात आणि नाकामागची हाडाची पोकळी लहान वयात पुरती तयार झालेली नसते. ते हाड कोरूनच आत जावे लागते. म्हणून अशा शस्त्रक्रियेचा नेहमीचा सराव असलेल्या, मुलांचे संप्रेरकतज्ज्ञ असलेल्या केंद्रातच ती व्हावी.

पाण्याचा हिशेब बिघडतो तेव्हा

पिट्युइटरीच्या मागच्या भागातून व्हॅसोप्रेसिन नावाचे संप्रेरक येते. मूत्रपिंडाने पाणी किती राखायचे, हे ते ठरवते. शस्त्रक्रियेत देठाला धक्का बसला की हा नळ बिघडतो. काही मुलांत हा बिघाड तीन टप्प्यांत होतो आणि पालकांना चकवतो तो मधला टप्पा.

पहिल्या एक-दोन दिवसांत व्हॅसोप्रेसिन येणे थांबते. मूल पाण्यासारखी पांढरी लघवी सारखी करते आणि सारखे पाणी मागते. साधारणपणे किलोमागे ताशी ४ मिलीपेक्षा जास्त लघवी सलग काही तास झाली, तर डॉक्टर सावध होतात. तीस किलोच्या मुलाला हे ताशी १२० मिली झाले. या वेळी मूल रुग्णालयातच असते, त्यामुळे उपचार लगेच मिळतात.

मग चार-पाच दिवसांनी लघवी आपोआप कमी होते. ‘चला, सुधारलं’ म्हणून सगळे खूश होतात. प्रत्यक्षात दुखावलेल्या पेशी साठवलेले व्हॅसोप्रेसिन एकदम सांडू लागलेल्या असू शकतात. आता शरीर पाणी सोडायलाच तयार नसते. अशा वेळी मूल पाणी पीत राहिले, तर रक्तातले मीठ, म्हणजे सोडियम, पातळ होत जाते. सोडियम साधारण १३५ ते १४५ असावे लागते. ते झपाट्याने खाली आले की मेंदूच्या पेशी पाणी शोषून फुगतात. डोके दुखते, मळमळते, मूल सुस्त होते, भलतेच बोलते आणि शेवटी आकडी येते.

साठा संपला की तिसरा टप्पा. पुन्हा भरपूर लघवी, आणि या वेळी ती कायमची असू शकते.

प्रत्येक मुलात तिन्ही टप्पे येतात असे नाही. बऱ्याच जणांचा पहिला त्रास काही दिवसांत जातो. काहींना पहिला टप्पा येतच नाही. घरी गेल्यावर सातव्या दिवसाच्या आसपास फक्त सोडियम उतरते. म्हणून अनेक केंद्रे त्या सुमारास रक्त तपासायला सांगतात. मूल हसत-खेळत असले तरी ही तपासणी चुकवू नये. बेळगाव, हुबळीतच नव्हे, तालुक्याच्या गावीही चांगल्या प्रयोगशाळेत सोडियम त्याच दिवशी कळते. अहवाल फोनवरून शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना कळवावा.

आणि एक गोष्ट आजी-आजोबांसाठी. आजारी मुलाला ‘भरपूर पाणी पी, शहाळं घे, सरबत घे’ म्हणणे ही आपली माया. या पंधरा दिवसांत मात्र तहान नसताना आग्रहाने पाणी पाजू नये. उलट, तहान लागलेल्या मुलाला ‘किती पितोस’ म्हणून अडवूही नये. किती प्यायचे ते डॉक्टर सांगतील. त्यांनी काही सांगितले नसेल, तर निघण्यापूर्वी विचारून घ्यावे.

चाळीस पानी वहीचे काम

यासाठी एक साधी वही पुरते. रोज सकाळी लघवी झाल्यावर, खाण्याआधी, एकाच काट्यावर मुलाचे वजन करावे आणि लिहावे. पाणी, दूध, ताक, आमटीसुद्धा मापाच्या पेल्याने द्यावी आणि नोंदवावी. लघवीसाठी खुणा केलेला प्लास्टिकचा जुना मग चालतो. रात्री दोन्हींची बेरीज मांडावी. वजन एका दिवसात किलोभर वाढले आणि लघवी घटली, तर शरीरात पाणी साठते आहे. वजन उतरले, लघवी फार झाली आणि तोंड कोरडे पडले, तर पाणी निसटते आहे. दोन्ही वेळा फोन करावा.

हा पाण्याचा विकार कायमचा राहिला, तर डेस्मोप्रेसिन हे औषध गोळीच्या किंवा नाकातल्या फवाऱ्याच्या रूपात मिळते आणि त्यावर मूल शाळेत जाऊन नेहमीचे आयुष्य जगते. औषध चालू असताना अति पाणी पिणे मात्र धोक्याचे, कारण तेव्हाही सोडियम उतरते. ज्या मुलांच्या हायपोथॅलॅमसला इजा होते, त्यांतल्या काहींना तहान लागतच नाही. त्यांना घड्याळ बघून मोजून पाणी द्यावे लागते.

या विकाराला डॉक्टर वर्षानुवर्षे डायबिटिस इन्सिपिडस म्हणत आले. ‘डायबिटिस’ एवढेच ऐकून घरात मुलाची साखर बंद होते आणि परक्या रुग्णालयात इन्सुलिनची चर्चा सुरू होते. साखरेच्या मधुमेहाशी याचा काही संबंध नाही. असा गोंधळ जगभर होऊन रुग्णांना इजा झाल्यामुळे २०२२ मध्ये तज्ज्ञांच्या संघटनांनी नाव बदलून ‘व्हॅसोप्रेसिनची कमतरता’ असे सुचवले. फाईलवर दोन्ही नावे लिहून घ्यावीत.

डोकेदुखी सगळी सारखी नसते

शस्त्रक्रियेनंतर आठवडाभर थोडे डोके दुखणे, चेहरा जड वाटणे साहजिक आहे. तीन प्रकारची डोकेदुखी मात्र वेगळी ओळखावी.

पहिली गळतीची. मेंदूचे पाणी नाकातून झिरपू लागते. सर्दीचा शेंबूड चिकट असतो. हे पाणी पातळ, स्वच्छ असते, मूल पुढे वाकले की थेंब थेंब पडते किंवा घशात खारट लागते. बसल्यावर डोके दुखते, आडवे झाल्यावर बरे वाटते. या वाटेने जंतू आत जाऊन मेंदूज्वर होऊ शकतो. म्हणून नाक जोरात शिंकरू नये, शिंक आली तर तोंड उघडून द्यावी, बद्धकोष्ठ होऊ देऊ नये. डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत जलनेती नको, नाकात तूप-तेलाचे थेंब नकोत.

दुसरी तापासह येणारी. ताप, मान ताठ होणे, उजेड न सोसणे, गुंगी ही मेंदूज्वराची चिन्हे. इथे सकाळची वाट पाहू नये.

तिसरी डोकेदुखी फार थोड्या पालकांना माहीत असते. कुशिंगच्या मुलांत शस्त्रक्रिया यशस्वी झाली की कॉर्टिसॉल एकदम खाली येते. त्यानंतर काही आठवड्यांनी वा महिन्यांनी, विशेषतः हायड्रोकॉर्टिसोनची मात्रा कमी करत आणताना, काही थोड्या मुलांच्या डोक्यात पाण्याचा दाब वाढतो. अमेरिकेत बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या डॉक्टरांनी अशा मुलांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या आहेत. डोके दुखते, उलटी होते, दिसणे धूसर होते किंवा एकाचे दोन दिसतात. स्कॅनमध्ये नवी गाठ दिसत नाही, म्हणून ‘अभ्यासाचा कंटाळा’ असे निदान घरातच होते. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाहुली मोठी करून आतला पडदा पाहिला, तर नस सुजलेली दिसते. वेळेवर औषध सुरू केले आणि हायड्रोकॉर्टिसोनची मात्रा जुळवली, तर दाब उतरतो. दुर्लक्ष झाले, तर नजर कायमची जाऊ शकते.

नजरेबाबत मूल स्वतःहून तक्रार करत नाही, कारण आपल्याला कमी दिसते हे त्याला ठाऊकच नसते. बाजूच्या दारावर आदळणे, ताटातली एका बाजूची भाजी तशीच राहणे, फळ्यावरची ओळ अर्धी लिहिणे, मान तिरपी करून टीव्ही बघणे या खुणा घरच्यांनीच टिपायच्या.

‘स्टेरॉइड वाईट’ हे इथे खोटे

स्टेरॉइडची आपल्याकडे धास्ती आहे आणि ती पुष्कळदा योग्यही आहे. इथे मात्र हिशेब उलटा आहे. कुशिंगची गाठ काढल्यावर इतके दिवस झोपलेली निरोगी ग्रंथी जागी व्हायला अनेक महिने, कधी वर्षाहून अधिक काळ लागतो. क्रेनिओफॅरिंजिओमानंतर ती बहुधा कायमचीच मंदावते. तोवर हायड्रोकॉर्टिसोनची गोळी म्हणजे शरीराने जे बनवायचे तेच बाहेरून देणे. ती कोणाच्या सल्ल्याने अचानक थांबवली, तर मूल गळून जाते, उलट्या होतात, रक्तदाब आणि साखर उतरते, आकडी येऊन जीवही जाऊ शकतो.

ताप, जुलाब, अपघात, दात काढणे अशा वेळी निरोगी शरीर कॉर्टिसॉल वाढवते. या मुलांचे वाढत नाही. म्हणून आजारपणात गोळीची मात्रा दुप्पट वा तिप्पट करायची असते. नेमकी किती, ते मुलाच्या डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. उलटीने गोळी पोटात राहत नसेल, तर इंजेक्शन लागते. ते घरात असावे आणि घरातल्या दोघांना तरी देता यावे.

आकडी आलीच तर

मुलाला कुशीवर वळवावे, कपडे सैल करावेत, आजूबाजूच्या टणक वस्तू हलवाव्यात आणि घड्याळ पाहावे. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नये. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नये. १०८ ला फोन करावा. ही सेवा कर्नाटक आणि महाराष्ट्र दोन्हीकडे आहे. दवाखान्यात पोहोचताच पहिले वाक्य हेच सांगावे: ‘पिट्युइटरीचं ऑपरेशन झालंय, सोडियम आणि साखर तपासा, हायड्रोकॉर्टिसोन चालू आहे.’

आपल्याकडे आणखी एक अडचण असते. मुलाची आई मराठीतून सांगते, परिचारिका कन्नडमधून विचारते, फाईल इंग्रजीत असते. ‘पाणी जातंय’ म्हटले, तर ते नाकातून, लघवीतून की जुलाबातून, हे समोरच्याला कळत नाही. म्हणून कुठून, किती, केव्हापासून हे स्पष्ट सांगावे. आजोळी कन्नड बोलत असतील, तर तिथल्या मोठ्यांनाही नीरडिके, तलेनोवू, वांती या तीन शब्दांत धोका समजावून ठेवावा, कारण सुट्टीत मूल त्यांच्याकडेच असते. आजार, औषधे, मात्रा आणि डॉक्टरांचा फोन असलेले कार्ड तिन्ही भाषांत करून मुलाच्या दप्तरात आणि गळ्यातल्या ओळखपत्रात ठेवावे.

मन, भूक आणि अभ्यास

शरीर सावरले तरी मुलाचे वागणे बदललेले वाटते. कुशिंगच्या काळात काही मुले अभ्यासाला झपाटल्यासारखी चिकटलेली असतात. कॉर्टिसॉल उतरल्यावर तीच मुले उदास, चिडचिडी, अंग दुखते म्हणून पडून राहणारी होतात. बेथेस्डाच्याच संस्थेने २००५ मध्ये कुशिंगमधून बरे झालेल्या ११ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आजारात आक्रसलेला मेंदू वर्षभरात पुष्कळसा भरून आला होता, पण बुद्धिचाचणीतले गुण मात्र घसरले होते. मुले थोडीच होती, तरी धडा महत्त्वाचा आहे. ‘आता बरा झालास ना, मग मार्क का कमी?’ हा प्रश्न अशा मुलाला विचारू नये. शाळेला कल्पना द्यावी, पहिले वर्ष सवलतीचे मानावे, गरज वाटल्यास मानसशास्त्रज्ञाकडून चाचणी करून घ्यावी. पाण्याची बाटली बाकावर ठेवायला आणि न विचारता लघवीला जायला परवानगी असावी, हेही शिक्षकांना सांगावे.

क्रेनिओफॅरिंजिओमात हायपोथॅलॅमस दुखावला, तर भूक भागल्याची जाणीवच हरपते. मूल डबे उघडून खाते, चोरून खाते, वजन भराभर वाढते. याला हावरटपणा म्हणून मारू नये. घरात सगळ्यांसाठीच एक शिस्त ठेवावी: फरसाण, बिस्किटे नजरेआड, जेवण ठरल्या वेळी, वाढलेले ताट एकदाच. भावंडांनाही कारण समजावून सांगावे, म्हणजे चिडवणे थांबते.

घरी निघण्यापूर्वी विचारून घ्या

सोडियमची पुढची तपासणी कोणत्या तारखेला? दिवसाला किती पाणी? हायड्रोकॉर्टिसोन किती, आणि ताप आला तर किती? इंजेक्शन कोण शिकवणार? डोळ्यांची तपासणी केव्हा? रात्री दोन वाजता कोणत्या क्रमांकावर फोन करायचा? या सहा प्रश्नांची उत्तरे वहीच्या पहिल्या पानावर डॉक्टरांच्याच हातची लिहून घ्यावीत. पाहुणे येतील, मूल खेळायलाही लागेल. तरी पुढचे पंधरा दिवस ही वही आणि वजनकाटा हाताशीच असू द्या.